दातकाकांचा बुधवार

दातकाकांना कोणी डॉक्टर म्हणत नसे. ते कवळ्या बनवायचे. डॉक्टरांनी घेतलेलं हिरड्यांचं माप त्यांच्याकडे यायचं, त्यावर ते मेणात दात रचायचे, मग हिरडीच्या रंगाचा गुलाबी मसाला भरून कवळी शिजवायची, घासायची, चकाकवायची आणि परत पाठवायची. एकतीस वर्षं हेच काम. अर्ध्या गावाचं हसू माझ्या हातचं आहे, असं ते म्हणायचे, आणि त्यात फारशी फेकाफेकही नव्हती. तीन मजल्यांच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर त्यांचं बिऱ्हाड आणि तळमजल्यावर मागच्या बाजूला कामाची खोली. खोलीत एक खिडकी, एक लांब टेबल, घासायचं छोटं यंत्र आणि मसाला भिजवायच्या द्रवाची तपकिरी बाटली. त्या द्रवाचा वास असा उग्र, की नवखा माणूस दारातूनच नाक दाबून मागे फिरायचा. काकूंच्या मते तो वास त्यांच्या लग्नातला तिसरा माणूस होता.

साथ आली तेव्हा इमारतीत दोन तट पडले. एक तट म्हणायचा, साधा ताप आहे, उगाच बाऊ केलाय. दुसरा म्हणायचा, उंबऱ्याबाहेर पाय टाकलात की संपलात. दातकाका दुसऱ्या तटाचे पुढारीच झाले. "एकतीस वर्षं लोकांच्या तोंडाशी माझा संबंध आहे," ते सांगायचे. "तोंडातून काय काय बाहेर पडतं ते मला विचारा." सकाळी दुधाच्या रांगेत ते मोजपट्टी घेऊन उभे राहत. जिन्याचे कठडे दिवसातून दोनदा पुसत. कोणाची तोंडावरची पट्टी नाकाखाली घसरलेली दिसली की तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, "नाक! नाक!" म्हणून ओरडत. लोक वैतागायचे, पण ऐकायचे. खरं सांगायचं तर दातकाकांना ते ऐकणं फार आवडायला लागलं होतं. जन्मभर बंद खोलीत एकट्याने काम केलेल्या माणसाला अचानक सगळी इमारत वचकून होती.

तिसऱ्या मजल्यावर एक टॅक्सीवाला राहायचा. बायको, दोन लहान मुली. सगळ्यांत आधी रोग त्याच्या घरी आला. सरकारी माणसाने येऊन दारावर हातभर कागद चिकटवला, पण दातकाकांना तो पुरेना. त्यांनी पुठ्ठ्यावर लाल रंगाने मोठमोठ्या अक्षरांत 'रुग्ण आहे, लांब राहा' असं लिहिलं आणि तो पुठ्ठा जिन्याच्या तोंडाशी टांगला, बाणासकट. टॅक्सीवाल्याची बायको एकदा भल्या पहाटे, कोणी नसेल असं बघून, गच्चीवरचे वाळलेले कपडे काढायला गेली. दातकाकांनी खालच्या अंगणातून तिला पाहिलं आणि असा काही आरडाओरडा केला की बारा बिऱ्हाडांच्या खिडक्या उघडल्या. बाई बिचारी मुलींचे फ्रॉक तसेच दोरीवर टाकून आत पळाली. ते फ्रॉक नऊ दिवस तिथेच फडफडत होते. दातकाका रोज बघायचे आणि म्हणायचे, "शिस्त म्हणजे शिस्त."

पहिल्याच मजल्यावर, त्यांच्या समोरच्या दारात, एक्स्चेंजच्या आजी राहायच्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली होती. वय एक्क्याऐंशी, पण आवाज असा स्वच्छ आणि गोड की लोक मुद्दाम त्यांना हाक मारायचे, उत्तर ऐकायला मिळावं म्हणून. मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनीअर. आजी आणि सून, दोघीच घरात. दर दोन-तीन आठवड्यांनी जहाज किनाऱ्याजवळ आलं की मुलाचा फोन यायचा, आणि त्या दिवशी आजी सकाळपासून केस विंचरून बसायच्या.

टाळेबंदीच्या दुसऱ्याच महिन्यात आजींची खालची कवळी धुताना हातातून निसटली आणि बेसिनवर आपटून दोन तुकडे झाले. आधीच जुनी, झिजलेली. डॉक्टरांचा दवाखाना बंद. आजी दुधात भिजवलेला पाव आणि कुस्करलेला बटाटा खाऊ लागल्या, पण खाण्यापेक्षा त्यांचं दुखणं वेगळंच होतं. दाताशिवाय शब्द नीट फुटेनात. सगळं 'फ' आणि 'थ'. मुलाचा फोन आला तेव्हा त्यांनी घेतलाच नाही. सुनेला खूण करून सांगितलं, झोपलेय म्हणून सांग. पुढच्या वेळीही तसंच. मुलगा घाबरला. आई खरंच बरी आहे ना, की माझ्यापासून काही लपवताय, असं बायकोला विचारू लागला.

सूनबाईंनी दातकाकांचं दार वाजवलं. "काका, आईंचं वजन चार किलोने उतरलंय. आणि त्या बोलत नाहीत हो. घरात नुसती शांतता. तुम्हीच काहीतरी करा."

दातकाकांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, जुना साचा तुमच्याकडे आहेच, त्यावरून नवी खालची कवळी करा, तोंडात बसवून बघा, कुठे टोचत असेल तिथे घासा. दवाखाने बंद असले तरी तातडीच्या कामाला परवानगी होती, त्यामुळे नियमात बसतच होतं. दातकाकांनी दहा दिवस जीव ओतून ती कवळी केली. बुधवारी सकाळी अकरा वाजता येतो, असं सांगितलं. आजींनी दाराआडून टाळ्या वाजवल्या. रविवारी जहाज किनाऱ्याला लागणार होतं.

बुधवारी सकाळी नऊ वाजता दातकाका खाली कामाच्या खोलीत गेले. कवळीच्या कडेला एक बारीकसा खड्डा राहिला होता, तो भरायचा होता. त्यांनी तपकिरी बाटलीचं झाकण उघडलं, दोन थेंब वाटीत टाकले आणि थांबले. वास आला नाही.

त्यांनी बाटली नाकाशी नेली. डोळ्यांना झोंबलं, पाणी आलं, पण वास नाही. साबण हुंगला. काही नाही. खिशातला रुमाल, टेबलावरचं मेण, सगळं हुंगून पाहिलं. जगातला सगळा वास कोणीतरी पुसून नेला होता.

याचा अर्थ काय, हे त्या इमारतीत दातकाकांइतकं कोणालाच पाठ नव्हतं. लक्षणांची यादी त्यांनीच स्वतःच्या हाताने लिहून जिन्यात लावली होती. ते स्टुलावर बसले. फोन सदऱ्याच्या खिशात होता. एक फोन समोरच्या घरी, एक फोन सरकारी माणसाला, एवढंच करायचं होतं. पण त्यांच्या डोळ्यांसमोर आजी आल्याच नाहीत. आला तो जिन्याच्या तोंडाशी टांगलेला लाल पुठ्ठा, आणि या वेळी त्याचा बाण पहिल्या मजल्याकडे. बारा बिऱ्हाडांच्या खिडक्या. टॅक्सीवाला कठड्यावरून वाकून बघतोय. 'नाक! नाक!' असं कोणीतरी त्यांच्याच आवाजात ओरडतंय.

मग त्यांनी स्वतःची समजूत घालायला सुरुवात केली. रात्री पंख्याखाली झोपलो, नाक चोंदलं असेल. ताप नाही, खोकला नाही. म्हातारी दोन महिने उपाशी आहे, तिला अजून थांबवायचं का? शेवटचं कारण तर इतकं चांगलं होतं की त्यांना ते खरंच वाटू लागलं. अकराला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी हात धुतले, दोन पट्ट्या एकावर एक बांधल्या आणि समोरचं दार वाजवलं.

आजी खिडकीजवळ खुर्चीत तयार बसल्या होत्या, उजेडात. दातकाकांनी कवळी बसवली. निळा कागद दातांमध्ये धरून चावायला लावलं, जिथे निळा डाग जास्त उमटला तिथे घासलं, पुन्हा बसवली. त्यांचा चेहरा आजींच्या उघड्या तोंडापासून वीतभर अंतरावर होता. चष्म्यावर सारखी वाफ धरत होती. काही दिसेना, तेव्हा त्यांनी पट्ट्या नाकाखाली ओढल्या. पाच-सात मिनिटंच. आजी मध्ये मध्ये बोलत होत्या, नव्या दातांची चव घेतल्यासारख्या. शब्द मोकळे होत गेले. "म्हणा बघू काहीतरी," दातकाका म्हणाले, कारण 'स' नीट उमटतोय का ते बघायचं असतं. आजी ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "नमस्कार, सांगा, कोणता नंबर हवाय?" सून स्वयंपाकघरातून हसत हसत बाहेर आली आणि मग रडायलाच लागली.

दातकाका घरी परतले आणि कंबर धरलीय असं सांगून खाटेवर पडून राहिले. दुसऱ्या दिवशी बारीक ताप, तिसऱ्या दिवशी खोकला. खोकला आला की ते तोंडावर उशी दाबायचे, आवाज भिंतीपलीकडे जाऊ नये म्हणून. काकूंनाही कणकण आली. दोघंही आठवड्याभरात उठून बसले.

शनिवारी आजींना ताप भरला. रविवारी सकाळी धाप लागली आणि दुपारी गाडी आली. दातकाकांनी पडद्याच्या फटीतून पाहिलं. आजींना खुर्चीत बसवून जिना उतरवत होते, सून हातात पिशवी घेऊन मागे, आणि तिला गाडीत चढू दिलं नाही. संध्याकाळी समोरच्या घरात फोन वाजला. मुलाचा असणार. बराच वेळ वाजला, मग थांबला, मग सुनेचा आवाज, फार हळू.

बुधवारी आजी गेल्या. बरोबर आठ दिवस.

त्या संध्याकाळी दातकाकांनी बायकोला सगळं सांगितलं. बाटली, वास, खिशातला फोन. सांगून झाल्यावर ती ओरडेल, निदान रडेल, असं त्यांना वाटलं होतं. काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"त्या दिवशी सकाळी दूध करपलं. घरभर धूर. तुम्ही पातेल्यापासून दोन हातांवर बसून पेपर वाचत होतात, मान वर केली नाहीत. तेव्हाच कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"त्या टॅक्सीवाल्याच्या बायकोचे हाल बघितले होते ना मी. माझेही तसेच होतील, असं वाटलं." मग पदराचं टोक सोडत म्हणाल्या, "तुम्हीच केलेले हाल."

त्यानंतर त्या विषयावर दोघं बोलले नाहीत. एका घरात दोन माणसं, दोघांना एकच गोष्ट माहीत, आणि दोघं एकमेकांना चहाचा कप देताना नजर खाली.

तीन आठवड्यांनी सूनबाई आल्या. त्यांनाही थोडा ताप येऊन गेला होता, एकटीने चौदा दिवस काढले होते. अंगावरचे कपडे सैल झालेले. दारातच उभ्या राहिल्या, आत या म्हटलं तरी येईनात.

"काका, तुमचे आभार मानायचे राहून गेले. दोन महिने गप्प बसलेलं माणूस तीन दिवस नुसतं बोलत होतं. टोस्ट कडाकडा खाल्ले. आरशासमोर उभ्या राहून रविवारच्या फोनची तयारी करायच्या, त्याला हे विचारीन, ते सांगीन. तुम्ही आम्हाला ते तीन दिवस दिलेत."

दातकाकांनी दाराची चौकट धरली.

"आणि मी," सूनबाई म्हणाल्या, "मी घरात रोग आणला. मंगळवारी औषधाच्या दुकानात गेले होते ना, तिथे गर्दी होती. ऑनलाइन मागवता आलं असतं. ह्यांना मी सांगितलंय फोनवर, की माझ्यामुळे झालं. ते नुसतं म्हणाले, असू दे. पण तेव्हापासून फोनवर दोन मिनिटांच्या वर बोलत नाहीत."

बोलायची वेळ तीच होती. शब्द अगदी ओठांवर होते. दातकाका म्हणाले, "असं मनाला लावून घेऊ नका, ताई. कुठून येतं ते कोणाला कळतं?"

आपल्याच तोंडून निघालेलं ते वाक्य त्यांना पुढे कितीतरी दिवस ऐकू येत राहिलं. बाटली उघडली ती सकाळ, ती भीती, ते एक वेळ समजून घेता आलं असतं. भ्यायलेला माणूस चुकतो. पण इथे एक बाई त्यांचं ओझं डोक्यावर घेऊन उभी होती आणि त्यांनी ते तिच्या डोक्यावर नीट बसवून दिलं होतं, वर धीराचे दोन शब्द बोलून.

त्यांनी मोजपट्टी घेऊन खाली जाणं बंद केलं. लोकांना वाटलं, आजारपणाने खचले. इमारतीच्या बैठकीत कोणीतरी प्रस्ताव मांडला, की दातकाकांच्या जागरूकतेमुळे आपल्याकडे साथ आटोक्यात राहिली, त्यांचे आभार मानावेत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टॅक्सीवाला मागे भिंतीला टेकून उभा होता. त्यानेही दोन टाळ्या वाजवल्या, सावकाश. दातकाकांना तिथून पळून जावंसं वाटलं, पण ते उभे राहिले, हात जोडले आणि खाली बसले. हेही आपल्याला जमलं, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते समोरच्या घरी गेले. सूनबाईंनी खुर्ची दिली. नेमकी तीच, खिडकीजवळची. ते बसले नाहीत. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. काही मागे ठेवलं नाही, पट्टी नाकाखाली ओढली तेही.

सूनबाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, "म्हणजे यायच्या आधी कळलं होतं?"

"हो."

"किती आधी?"

"दोन तास."

"आणि मी तुमच्या दारात येऊन आभार मानले, तेव्हा?"

"तेव्हाही सांगितलं नाही."

त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "सात आठवडे झाले, काका. सात आठवडे मी त्या दुकानाच्या रस्त्याने गेले नाहीये. रोज उठले की पहिला विचार तोच." आवाज चढला नव्हता, आणि चढला असता तर बरं झालं असतं. "आता तुम्ही सांगून मोकळे झालात. घरी जाऊन तुम्हाला झोप लागेल. मी काय करू?"

"तुम्ही म्हणाल ते करीन."

"माफी मागू नका. ती देणं माझ्या हातात नाही, आई त्यांची होती. डिसेंबरात ते येतील. त्यांना तुम्ही सांगायचं. माझ्यासमोर. फोनवर नाही, चिठ्ठीत नाही."

डिसेंबरला चार महिने होते. त्या चार महिन्यांत दातकाकांनी एक गोष्ट केली. तिसऱ्या मजल्यावर जाऊन टॅक्सीवाल्याच्या घरी सांगितलं, की मलाही झाला होता आणि मी लपवला. टॅक्सीवाला म्हणाला, "काका, आम्हाला खोकला ऐकू येत होता. खालून वर आवाज चांगला येतो." त्याने पुठ्ठ्याचा विषय काढला नाही. त्याची बायको आतच होती. ती बाहेर आली नाही, आणि दातकाकांनीही तिला बोलवा असं म्हणायचं धाडस केलं नाही. मुलींपैकी धाकटी दारात येऊन त्यांच्याकडे बघत होती. आईने आतून हाक मारून तिला बोलावून घेतलं.

डिसेंबरात मुलगा आला. उंच, उन्हाने रापलेला, हळू बोलणारा माणूस. चौथ्या दिवशी सूनबाईंनी निरोप पाठवला. दातकाका गेले. या वेळी बसले. त्यांनी तोच वृत्तांत पुन्हा सांगितला. मनाशी इतक्या वेळा घोकला होता, तरी तोंडातून तुकड्या-तुकड्यांनीच निघाला.

मुलगा ऐकत असताना बायकोकडे बघत होता, दातकाकांकडे नाही. तो उठेल, कॉलर धरेल, हाकलून देईल, या सगळ्याची दातकाका वाट बघत होते. त्याने वेगळंच विचारलं.

"ती काय बोलली?"

"कधी?"

"तुम्ही इथे होतात तेव्हा. वीस-पंचवीस मिनिटं होतात ना? मी तिचा आवाज दोन महिने ऐकला नव्हता. हिने जे आठवतं ते सांगितलंय, पण त्या वेळी ही आत होती. नवे दात लागल्यावर पहिलं काय बोलली?"

दातकाकांनी आठवायचा प्रयत्न केला. "नंबर विचारला," ते म्हणाले. "एक्स्चेंजमध्ये विचारायच्या तसं. 'नमस्कार, सांगा, कोणता नंबर हवाय?'"

मुलाच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "आणि?"

"आणखी बरंच बोलत होत्या. तुमचं नाव घेतलं दोन-तीनदा. लहानपणीचं काहीतरी सांगत होत्या, शाळेतलं... की सहलीतलं..."

"काय?"

दातकाकांनी डोळे मिटून घेतले. आजींचे ओठ दिसत होते, निळे डाग दिसत होते, कवळीची कड दिसत होती. शब्द नव्हते.

"आठवत नाही," ते म्हणाले. "माझं लक्ष नव्हतं."

"कुठे होतं?"

"स्वतःकडे. आपलं कोणाला कळतंय की काय, याकडे."

मुलाने मान हलवली, एखाद्या यंत्राचा बिघाड सापडल्यावर हलवावी तशी. मग तो उठला आणि बायकोजवळ जाऊन बसला. "तू मला सांगितलंस तेव्हा मी नुसतं 'असू दे' म्हणालो," तो तिला म्हणाला. "मी तसं म्हणायला नको होतं." ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडू लागली, इतक्या महिन्यांचं, मोठ्याने. दातकाका खोलीत आहेत हे दोघंही विसरले होते. ते उठले, दार हळूच ओढून घेतलं आणि आपल्या घरात आले.

मुलगा पुढच्या जहाजावर गेला नाही. त्याने वर्षभरासाठी इथल्याच बंदरावर नोकरी धरली. जिन्यात कधी समोरासमोर आले तर दातकाका बाजूला सरून भिंतीला चिकटतात. तो किंचित मान हलवून पुढे जातो. सूनबाई हलवत नाहीत. दातकाका आजही कवळ्या करतात. ती शाळेतली की सहलीतली गोष्ट आठवावी म्हणून काम करता करता मध्येच थांबतात, काकू वरून जेवायला हाक मारतात, तेव्हा उठतात.